श्रीरंगच्या वाटची वाईन

श्रीरंगच्या हातात ग्लास गेला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"नाही, नाही, पाणी नाही," डोनातेला म्हणाली आणि तिने त्याच्यापुढचं पाणी उचलून शेजारच्या टेबलावर ठेवलं. "पाण्याने ग्लासला ग्लास लावत नाहीत. अपशकुन असतो. हातात वाईनच हवी. प्यायची की नाही, ते नंतर बघू."

डोनातेला आमची गाईड. पंचावन्नच्या आसपासची, आखूड पांढऱ्या केसांची, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली. ती इंग्रजीतच बोलायची, पण दोन्ही हात इटालियनमध्ये चालायचे. बोलोन्याच्या जुन्या बाजारातून चार तास पायी हिंडायचं, पाच ठिकाणी थांबायचं, दर ठिकाणी तिथला एक पदार्थ आणि त्याच्या जोडीची वाईन, असा तिचा कार्यक्रम होता. सहा जण यायचे होते. उरलेले तिघं आलेच नाहीत. राहिलो आम्ही तिघं: माझा धाकटा भाऊ श्रीरंग, सात महिन्यांपूर्वी लग्न होऊन घरात आलेली त्याची बायको कल्याणी, आणि मी.

"ताई, बघा ना कसा धरलाय त्याने," कल्याणी हसत म्हणाली. "उपासाचं ताक दिल्यासारखा!"

श्रीरंग ग्लासकडे बघत नव्हता. तो रस्त्यापलीकडच्या कमानीच्या खांबाकडे बघत होता. ग्लासकडे मी बघत होते. फिकट पिवळी, बारीक बुडबुड्यांची वाईन, साधारण शंभर मिलिलिटर.

त्याने दारूला हात लावला नव्हता त्याला एकवीस महिने आणि चार दिवस झाले होते. त्या टेबलापाशी हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. कल्याणीला माहीत नव्हतं.

"सालूते!" डोनातेला म्हणाली. चार ग्लास एकमेकांना लागले. त्या दोघी प्यायल्या. मी माझ्यासाठी वाईन घेतलीच नव्हती, रिकामा ग्लास नुसता वर केला होता. श्रीरंगने आपला ग्लास खाली ठेवला. पण हात काढला नाही. बोटं ग्लासच्या दांडीभोवती फिरत राहिली.

"अरे घे ना," कल्याणी म्हणाली. "मी पण पहिल्यांदाच घेतेय. काही नाही, आंबलेल्या सरबतासारखी लागते."

"त्याला पित्ताच्या गोळ्या चालू आहेत," मी म्हटलं. "त्यावर नको."

मी जीवरसायनशास्त्रातली. आमच्या घरात कुठल्या गोळीवर काय चालतं आणि काय नाही, हे मी सांगितलं की विषय संपायचा. आताही संपला.

"मग हे आता टाकून द्यायचं?" कल्याणीने विचारलं. तिचे वडील, अकोल्याचे पांढरीपांडे सर, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पंगतीत पानात लिंबाची फोडसुद्धा पिळल्याशिवाय राहिलेली चालत नसे. "मला दोन दोन नाही झेपायचे बाई."

श्रीरंगची बोटं अजून फिरतच होती.

"आण इकडे," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातून ग्लास काढून घेऊन तीन घोटांत संपवला. माझ्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यातली ती पहिली दारू.

"अगोबाई! ताई, तुम्ही घेता?"

"कधीतरी."

"भावाच्या तोंडचा घास काढून घेतला हो तुम्ही!"

श्रीरंग हसला. सकाळपासून पहिल्यांदा हसला, आणि ते हसू मला जरासुद्धा आवडलं नाही.

मी त्या वर्षी सहा महिन्यांसाठी बोलोन्याच्या एका प्रयोगशाळेत आले होते. दूध गोठवणारी एन्झाइमं वनस्पतींतून मिळवता येतात का, हा माझा विषय. ऑक्टोबरात हे दोघं मला भेटायला आले. येण्याआधीच कल्याणीने पुण्यातून ही सहल ठरवून टाकली होती. मला फोनवर म्हणाली होती, "ताई, एक खाण्यापिण्याचं फिरणं आहे, बाकी काही विचारू नका, गंमत आहे." 'पिण्याचं' म्हणजे काय, ते मला त्या सकाळी चौकात डोनातेलाने पाच थांब्यांची यादी वाचून दाखवली तेव्हा कळलं. कल्याणी आमच्याकडे बघून डोळे मिचकावत होती. "घरी कुठे जमणार?" ती हळूच म्हणाली. "आई असतात. इथे कोण बघतंय आपल्याला? आयुष्यात एकदा नवऱ्याबरोबर बसून घेऊन बघायची, एवढीच माझी इच्छा."

तिथेच, चौकातल्या कारंज्यापाशी, श्रीरंगने माझ्या कोपराला धरलं होतं. "ताई, मी खोलीवर जातो."

"काय सांगून?"

आम्ही चालायला लागलो.

पहिल्या थांब्यावरून निघताना मी मनातल्या मनात हिशेब केला. अकरा टक्क्यांची वाईन, शंभर मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ ग्रॅम अल्कोहोल. माझं वजन सत्तेचाळीस किलो. पाच थांबे, चार तास, सोबत खाणं. यकृत तासाला सहासात ग्रॅम काढून टाकतं. शेवटी थोडी चक्कर येईल, पण उभी राहता येईल. त्याचा प्रत्येक ग्लास मी प्यायचा आणि संध्याकाळी आपण तिघं घरी. आकडे बरोबर होते. मी ते नंतर अनेकदा तपासले आहेत.

दुसरं दुकान डुकराच्या मांसाच्या पदार्थांचं होतं. छताला तंगड्या टांगलेल्या, काउंटरवर माणसाच्या मांडीएवढा गुलाबी मोर्तादेल्ला सॉसेज. मालक तो कागदासारखा पातळ कापत होता. बसायला जागा नव्हती. एका उभ्या पिंपाभोवती आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो. या वेळची वाईन लाल होती आणि तिला फेस येत होता.

"हातात घ्या, हातात घ्या," डोनातेला श्रीरंगला म्हणाली. तिला त्याची काळजी वाटायला लागली होती. न पिणारा माणूस तिच्या सहलीत आलाच नसावा. "नुसता वास घ्या. वासाला गोळी आड येत नाही."

आणि श्रीरंगने वास घेतला. डोळे मिटून घेतला. त्याचे खांदे खाली आले. मोठ्या प्रवासाहून आलेला माणूस पिशवी खाली ठेवतो ना, तसे.

मी ग्लास घेतला. दुसरा.

"ताई, तुम्ही खाऊन नाही राहिल्या काही," कल्याणी म्हणाली.

"खाऊन नाही राहिल्या!" श्रीरंगने तिची नक्कल केली. "लग्नाला सात महिने झाले, अजून अकोला सुटत नाही हिचं."

"तुमच्या मिरजेचं 'व्हय रं' ऐकलंय मी. आई फोनवर बोलतात तेव्हा."

"ते ती दूधवाल्याशी बोलते!"

"मग मी काय वेगळं बोलून राहिले?"

दोघं हसले. ती त्याच्या दंडाला टेकून उभी होती. चांगली मुलगी होती. बँकेत नोकरी करायची, आईचे गुडघे शेकून द्यायची, आणि श्रीरंगवर तिचा जीव होता. मला ते रोज दिसायचं आणि रोज थोडं भ्यायला व्हायचं.

खायचं म्हणाल, तर मी काही खाणार नव्हतेच. मी शाकाहारी. आकडे मांडताना 'सोबत खाणं' हे मी गृहीत धरलं होतं, आणि ते खाणं माझ्यासाठी नाही हे मला सुचलंच नव्हतं. मी पावाचे दोन तुकडे खाल्ले.

तिसरं दुकान चीजचं. चाळीस चाळीस किलोची चाकं फडताळात रचून ठेवलेली. मला हायसं वाटलं. मग डोनातेलाने अभिमानाने सांगितलं, की यात आठशे वर्षांत काही बदललेलं नाही: दूध, मीठ, आणि वासराच्या पोटातलं दूध फाडणारं द्रव्य. मला ते माहीत होतं. त्याला पर्याय शोधायलाच मी या शहरात आले होते. मी हातातला तुकडा परत ताटलीत ठेवला.

"ताईंना चीज खातानाही प्रयोगशाळा दिसते," कल्याणी म्हणाली.

"तिला मी लहानपणी गाभुळलेली चिंच दिली," श्रीरंग म्हणाला, "तर ही म्हणे, यात टार्टारिक ॲसिड आहे. बारा वर्षांची होती."

"चौदा," मी म्हटलं.

"बघ! चौदा म्हणे."

तिसरा ग्लास. आता कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि मी शब्द जरा जपून ठेवत होते, फरशी ओली असल्यावर पाय ठेवावेत तसे.

बाहेर आल्यावर कल्याणीला एका खिडकीतून दोन बायका पिठाची पोळी लाटताना दिसल्या. लाटणं हातभर लांब. "अगं बाई, पुरणपोळीला असं लाटणं हवं!" म्हणून ती आत गेली, तिच्यामागे डोनातेला. आम्ही दोघं कमानीखाली उभे राहिलो.

श्रीरंग खांबाला पाठ लावून खाली बघत होता.

"ताई, मी तिला सांगतो आता."

"काय?"

"काय म्हणजे? सगळं. सेंटरचं. बंगलोर नव्हतं ते, सगळं."

त्याला पुण्याजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात पाच महिने ठेवलं होतं तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं की तो बंगलोरला ट्रेनिंगला आहे. मी, आई, मामा, सगळ्यांनी. इतक्यांदा सांगितलं, की आई मध्येच एकदा म्हणाली, तिथे इडली बरी मिळते म्हणाला का गं तो.

"इथे? रस्त्यात?"

"इथेच. तिथे सांगायचे आम्हाला, ज्याच्याबरोबर राहता त्याला माहीत असू दे. नाहीतर एक दिवस तोच माणूस प्रेमाने हातात देईल. ताई, मघाशी वास घेतला मी, आणि... माझं सगळं माहीत असलेलं एकच माणूस इथे शुद्धीवर होतं. तेही आता झिंगतंय."

"मी ठीक आहे."

"तू मघापासून पलीकडच्या खांबाशी बोलतेयस."

मी त्याच्याकडे वळले. "श्रीरंग, दोन थांबे राहिलेत. दीड तास. मी आहे ना. घरी जाऊ, मग निवांत सांगू. परक्या देशात, परक्या बाईसमोर तिला रडवायचं का?"

"घरी गेल्यावर तू म्हणशील, आता नको, आई आहे."

"नाही म्हणणार."

"लग्नाच्या आधी म्हणाली होतीस, साखरपुडा होऊ दे. मग म्हणालीस, लग्न होऊ दे."

"शप्पत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हा मुलगा नऊ वर्षांचा असताना बाबा गेले आणि त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी सही करायला लागले. तेव्हापासून तो मला विचारून पाऊल टाकायचा, आणि चुकीचं पाऊल टाकलं तर तेवढंच माझ्यापासून लपवायचा. "बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर."

तिला रडवायचं नाही, हे खरं कारण नव्हतं.

लग्न ठरवायला आम्ही अकोल्याला गेलो होतो तेव्हा पोहे झाल्यावर पांढरीपांडे सरांनी मला अंगणात नेलं. तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने. "तुमच्या आईंना विचारायला संकोच वाटतो," ते म्हणाले. "तुम्हाला विचारतो. मुलाला काही व्यसन वगैरे? माझ्या थोरल्या भावाचा संसार त्यापायी धुळीला मिळाला, म्हणून विचारतो. बाकी काही असलं तरी मला चालेल."

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "सर, त्याला कुठलंही व्यसन नाही." दारू सुटून दहा महिने झाले होते तेव्हा. वाक्य म्हणण्यापुरतं खरं होतं.

"तुम्ही शास्त्र शिकलेल्या," सर म्हणाले. "तुम्ही सांगितलंत, मला पुरे." आणि त्यांनी मला, त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान बाईला, नमस्कार केला.

कल्याणीला कळलं असतं, तर तिने पहिला फोन वडिलांना केला असता. मला तो फोन नको होता. आज नको, एवढंच मी स्वतःला म्हणत होते. रोजच म्हणत होते.

चौथ्या ठिकाणी बसायला मिळालं. बुटक्या छताची खाणावळ, कागदी टेबलपोस, वाडग्यांत गरम रस्सा आणि त्यात करंगळीच्या नखाएवढे पिठाचे मोदक तरंगत होते. आत मांस, रस्सा कोंबडीचा. मी पाव खाल्ला. श्रीरंगने ग्लास हातात घेतला, वर केला, लावला, आणि न ठेवता सरळ माझ्या हातात दिला. आमची आता सवय झाली होती. हा ग्लास काठोकाठ होता. डोनातेला माझ्यावर खूश होती.

"तुमची बहीण खरी बोलोन्याची," ती त्याला म्हणाली.

चौथा ग्लास संपला आणि काही मिनिटांतच माझे गुडघे मला सोडून गेले. याला दुसरा शब्द नाही. टेबलाखाली होते, पण माझे नव्हते. मी पुन्हा आकडे मांडायला बसले. पावणेनऊ गुणिले चार. चौतीस की पस्तीस? हातचा एक कुठे गेला, ते सापडेना. समोर कल्याणी बोलत होती आणि तिचा आवाज ओठांच्या किंचित मागून येत होता.

"ताई, चेहरा लाल झालाय तुमचा. छान दिसता!"

शेवटचं ठिकाण दोनशे पावलांवर होतं. श्रीरंगने मला दंडाला धरून नेलं. जुना, काळपट लाकडाचा दारूचा पिठा. लांब बाकं, भिंतीवर पिवळट फोटो. दुपारचे पावणेतीन. मी बाकावर बसले आणि भिंतीला टेकले. टेकल्यावर मला कळलं की आता उठता येणार नाही.

डोनातेलाने शेवटची लाल वाईन ओतली. "ही नवराबायकोसाठी," ती म्हणाली. "सात महिने म्हणजे काहीच नाही. अजून नवंच लग्न."

कल्याणीचे डोळे चमकले. तिने चारही थांब्यांवर आपला ग्लास निम्मानिम्माच घेतला होता, पण तिला तेवढाही पुरला होता. ती उठली, पदर नव्हता तरी ओढणी खांद्यावरून पुढे घेतली आणि श्रीरंगचा ग्लास उचलला.

"आमच्याकडे लग्नात," ती डोनातेलाला इंग्रजीत सांगायला लागली, "बायको नवऱ्याचं नाव घेते. कवितेत. आणि मग त्याला घास भरवते. त्याला नाही म्हणता येत नाही."

"नाही म्हणता येत नाही?" डोनातेलाने टाळी वाजवली. "फारच चांगलं!"

"कल्याणी, बस खाली," श्रीरंग म्हणाला.

"थांब रे. जुळवतेय मी मघापासून." तिने घसा साफ केला.

"बोलोन्याच्या कमानींखाली ऊन पडलं कोवळं,
श्रीरंगरावांच्या संगतीनं जग झालं मोकळं!"

"तीन वाजत आले," श्रीरंग म्हणाला. "कोवळं कुठलं ऊन?" तो हसत होता. त्याचं कपाळ ओलं झालं होतं.

"यमकाला चालतं. आ कर."

"ताईने सांगितलंय ना, गोळी..."

"गोळीचं मी फोनवर बघितलं. त्या गोळीला एका घोटाने काही होत नाही, स्पष्ट लिहिलंय. ताईंना काय, काळजी. हो ना ताई?"

ग्लास त्याच्या ओठांपासून चार बोटांवर होता. श्रीरंगने तिच्या हाताच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, सांग ना हिला," तो म्हणाला. हसत म्हणाला, थट्टेसारखं, म्हणजे तिला काही वाटू नये. "तूच सांग."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. *त्याला देऊ नकोस, त्याचं दारूचं व्यसन सुटलेलं आहे.* एवढंच. ते मला दिसत होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. कल्याणी वाट बघत होती, भुवया उंचावून, हसरी. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला तिच्यामागे अंगण दिसलं, आणि हात जोडलेले सर.

"गोळी," मी म्हटलं.

"बघ, ताईंनाच जास्त झालीय!" ती हसली आणि ग्लास पुढे केला.

श्रीरंगने पहिला घोट घेतला तो तिच्या हातून. मग त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि ग्लास तिरपा केला. मध्ये थांबला नाही. त्याच्या गळ्याची हालचाल मी मोजली. सहा वेळा. ग्लास रिकामा झाला तेव्हा त्याने तो खाली ठेवला, ओठ पुसले नाहीत, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

"झालं काही?" कल्याणी टाळ्या वाजवत म्हणाली. "मेला का लगेच?"

"अजून आहे का?" श्रीरंगने डोनातेलाला विचारलं.

मी आईला सांगितलं, मामांना सांगितलं, वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं, की माझी जीभ जड झाली होती, शब्द फुटत नव्हता. चार ग्लास, रिकामं पोट, कधी न प्यायलेली बाई. कोणालाही पटेल. पण त्यानंतर काही मिनिटांनी डोनातेलाने मला विचारलं, बरं वाटतंय का. आणि मी तिला इटालियनमध्ये म्हटलं, की मला थोडं पाणी मिळेल का, आजचा दिवस फार सुंदर गेला, आणि आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत. तीन वाक्यं. क्रियापदांसकट बरोबर. डोनातेलाने माझ्या उच्चाराचं कौतुक केलं.

श्रीरंग तेव्हा तिसरा ग्लास पीत होता.

परत गेल्यावर काय झालं ते सगळं सांगण्यासारखं नाही. पहिलं वर्ष त्याने लपवलं, दुसऱ्या वर्षी लपवेना. कल्याणीला वाटायचं, नवऱ्याला इटलीत चटक लागली, आणि ती आपल्यामुळे लागली. तिने तसं मला दोनदा बोलून दाखवलं. मी म्हटलं, तसं काही नसतं गं. एकदा ती रडलीही, माझ्या खांद्यावर, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सर आजारी होते, त्यामुळे तेव्हाही आज नकोच होतं. मग सर गेले. मग सांगायला हरकत नव्हती, पण तोवर सांगण्यात अर्थ काय, असं मला वाटायला लागलं.

तिला कळलं ते श्रीरंगला दुसऱ्यांदा केंद्रात दाखल करताना. तिथल्या बाईंनी सहज विचारलं, मागच्या वेळचे कागद आणलेत का.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या संस्थेत आली. कँटीनमध्ये जेवणाची वेळ संपून गेली होती, बाया टेबलं पुसत होत्या. ती समोर बसली. मी चहा मागवला, तिने कपाला हात लावला नाही. ती रडत नव्हती. तिने मला सरांविषयी विचारलं नाही, लग्नाविषयी विचारलं नाही, कोणाकोणाला माहीत होतं तेही नाही.

"मी काल रात्रभर ती सहल आठवतेय," ती म्हणाली. "एकेक दुकान. तुम्ही त्याच्या वाटची वाईन का पीत होता ते आता कळलं मला. पाच ग्लास, ताई. कधी थेंब न घेतलेली बाई. पाय लटपटत होते तुमचे. पाच ग्लास प्यायलात, पण माझ्या कानात एक वाक्य सांगायला तुम्हाला जमलं नाही?"

मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. म्हणायला हवं होतं. पण मी आयुष्यभर जे करत आले तेच तोंडून निघालं.

"चार," मी म्हटलं.

"काय?"

"मी चार प्यायले. पाचवा त्याने घेतला."

कल्याणीने माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उचलून ती उठली.

"हो," ती म्हणाली. "तो मी पाजला. नाव घेऊन."